सुर्जी-अंजनगावच्या भूमीखालचा अग्नी

वऱ्हाडातील अंजनगाव सुर्जी या जोडगावाचे नाव शाळेच्या इतिहासात एका तहामुळे आले आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामधील तह सुर्जी-अंजनगाव येथे झाला. कंपनीच्या बाजूने सेनापती आर्थर वेलस्ली होता. पुढे वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव करणारा तो हाच. तहातील कलमे, शिंद्यांनी गमावलेले मुलूख, रघुजी भोसल्यांचा त्याआधी तेरा दिवस देवगावला झालेला तह, या गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांत विस्ताराने आल्या आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच महिन्यांतील एक वेगळी घटना आहे.

अडगावला तोफा धडाडत होत्या त्याच नोव्हेंबर महिन्यात, येथून शेकडो कोस दूर अंदमानच्या समुद्रात, जेम्स हॉर्सबर्ग नावाचा एक जहाजाचा कप्तान एका निर्जन बेटाजवळून चालला होता. बेटावरील डोंगर दर दहा मिनिटांनी गर्जना करून काळ्या धुराचा स्तंभ आकाशात सोडीत होता. त्याने त्याची नोंद करून ठेवली. हे बॅरन बेट. आज भारताच्या हद्दीत जिवंत म्हणता येईल असा ज्वालामुखी हा एवढा एकच आहे.

वऱ्हाडातले सैनिक आणि समुद्रावरचा कप्तान यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तथापि कप्तानाने जे धगधगताना पाहिले, तेच थंड होऊन दगड झालेल्या रूपात सैनिकांच्या पायाखाली होते, आणि याची त्यांच्यापैकी कोणालाही कल्पना नव्हती. गाविलगडावर मारा करण्यासाठी कंपनीच्या लोकांनी अवघड डोंगरवाटा तयार करून तोफा वर ओढून नेल्या. ज्या कड्यांनी त्यांची दमछाक केली, ते कडे लाव्हारसाचे होते. ज्या तटावर गोळे आदळले, त्या तटाचा काळा पाषाणही लाव्हारसाचाच.

त्या काळी युरोपातील पंडितांनाही हे निश्चित ठाऊक नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. काळ्या पाषाणाला, म्हणजे ज्याला शास्त्रीय परिभाषेत बेसॉल्ट म्हणतात त्याला, अग्नीने जन्म दिला की पाण्याने, यावर १८०३ साली मोठा वाद चालू होता. जर्मनीतील फ्रायबर्ग येथील वेर्नर या अध्यापकाचे मत असे की, आदिम महासागराच्या पाण्यातून गाळ बसावा तसा हा खडक तळाशी बसला. त्याचा अधिकार इतका मोठा होता की शिष्य त्याच्या शब्दाबाहेर जात नसत. उलटपक्षी, फ्रान्समधील देमारे याने १७६३ मध्ये ओव्हेर्न्य प्रांतात हिंडताना पाहिले की, दगडी खांबांची रांग असलेला काळा खडक थेट एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखापर्यंत जाऊन भिडतो. त्याने वितंडवाद केला नाही. कोणी विचारले तर तो एवढेच म्हणे की तेथे जा आणि पाहा, अशी आख्यायिका सांगतात.

ज्वालामुखीचे मुख स्वतः जाऊन पाहण्याची ही परंपरा देमारेच्याही पूर्वीची आहे, आणि तिच्यात एक येशूसंघीय धर्मगुरू अग्रभागी आहे याचे आपल्या वाचकांना कौतुक वाटेल. फादर अथानासिउस किर्खर १६३८ साली दक्षिण इटलीत असताना कालाब्रियात भयंकर भूकंप झाला. त्यातून बचावल्यावर नेपल्सला येऊन ते व्हेसूव्हिअस पर्वतावर चढले आणि त्याच्या मुखात उतरून त्यांनी आतील धग व धूर पाहिला. या पर्वताच्या १६३१ च्या उद्रेकाला तेव्हा उणीपुरी सात वर्षे झाली होती. पुढे १६६५ मध्ये भूगर्भावरील आपल्या लॅटिन ग्रंथात त्यांनी असे मांडले की, पृथ्वीच्या पोटात एक महाअग्नी आहे आणि तेथून निघालेल्या नळ्यांच्या टोकांना ज्वालामुखी आहेत. त्या ग्रंथातील चित्रे आजही मनोवेधक वाटतात. चित्र मात्र चुकीचे होते, आणि ते इतके सुबोध होते की साडेतीनशे वर्षांनंतरही पुष्कळांच्या मनात तेच घर करून आहे.

वस्तुस्थिती अशी की, पृथ्वीचे कवच आणि तिचा गाभा यांच्यामधील प्रावरण नावाचा प्रचंड जाडीचा भाग अत्यंत उष्ण असूनही घन आहे. वरून इतका दाब असतो की तेवढ्या उष्णतेतही खडक वितळू शकत नाही. तो वितळावा यासाठी काहीतरी घडावे लागते. एक तर खालचा उष्ण खडक हळूहळू वर सरकत यावा आणि दाब कमी झाल्यामुळे त्याचा थोडा अंश पाझरावा. किंवा समुद्राखालचा एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली घुसून त्याच्याबरोबर पाणी खोल जावे आणि त्या पाण्याच्या योगाने खडकाचा द्रवणांक उतरावा. असा पाझरलेला शिलारस सभोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो, म्हणून तो वर येतो, कवचात ठिकठिकाणी साठतो आणि भेग सापडली की बाहेर पडतो. बाहेर कसा पडेल हे त्याच्यातील वायूंवर आणि त्याच्या दाटपणावर अवलंबून असते. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडले की दाबून धरलेला वायू फसफसून वर येतो. रस पातळ असेल तर वायू सहज निसटतो आणि लाव्हा काकवीसारखा वाहत जातो. रस दाट व चिकट असेल तर वायू कोंडतो आणि डोंगराच्या चिंधड्या करून बाहेर पडतो.

उद्रेकांच्या या निरनिराळ्या तऱ्हांची नीट वर्गवारी करण्याचे बरेचसे श्रेय पुन्हा एका धर्मगुरूकडे जाते. मिलान येथे १८५० मध्ये जन्मलेले फादर जुझेप्पे मेर्काल्ली यांनी सिसिलीजवळच्या व्हुल्कानो बेटाचा १८८८ ते १८९० या काळातील उद्रेक अभ्यासला. १९११ पासून १९१४ मधील मृत्यूपर्यंत ते व्हेसूव्हिअस वेधशाळेचे संचालक होते. भूकंपाची तीव्रता मोजणाऱ्या श्रेणीला त्यांचे नाव आजही लावले जाते. किल्लारीच्या वेळी ते वर्तमानपत्रांतूनही आले असेल.

आता आपल्या भूमीकडे वळू. अंजनगावच्या मळ्यात उभे राहिले तर लाव्हारसाचा खडक दिसणार नाही. येथे पानाचे मळे आहेत, पानपिंपळीचे वेल आहेत, काळीभोर माती आहे. विहीर खणली तर माती, रेती, गोटे असेच थर लागतात. कारण पूर्णेचे खोरे हा एक खोल खड्डा होता आणि उत्तरेकडील डोंगरांतून वाहून आलेल्या गाळाने तो भरून आला आहे. हा गाळ कित्येक ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. त्याच्या तळाशी लाव्हारसाचा खडक पडून आहे. त्याच गाळात साठलेल्या खाऱ्या पाण्यामुळे दर्यापूर-अंजनगावकडील गावे खारपाणपट्ट्यात मोडतात आणि पिण्यासाठी शहानूर धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून बसतात. खडक पाहायचा असेल तर गावाच्या उत्तरेला गाविलगडच्या डोंगरात जावे. तेथे तो पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेला दिसतो. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे त्यावरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एक लोट, किंवा अनेक लोटांची चळत. लोटाचा मधला भाग कठीण असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, त्याला आपले विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन लोटांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा दिसतो. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्या काळात खडक कुजून ही माती झाली.

हा मधला काळ किती मोठा होता, हे नागपूरच्या एका मिशनऱ्याने दाखवून दिले. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे; ते १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मकार्य आणि शिक्षण यांतून उरलेला वेळ ते दगडांना देत. नागपूरजवळ टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील शंख, माशांचे अवशेष, झाडांची फळे व लाकूड असे जीवाश्म सापडले. आपले सहकारी हंटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की, लाव्हाचा एक पूर आल्यावर तो निवाला, त्यावर तळी साचली, रान उगवले, मासे व गोगलगायी नांदू लागल्या, आणि मग पुन्हा अग्नीचा पूर आला. हिस्लॉप यांचा अंत १८६३ मध्ये झाला. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परत येताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव पुष्कळांना ठाऊक असते, पण हे संशोधन मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्याआधी १८३३ मध्ये मुंबईच्या फौजेतील साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या खडकांचे वर्णन छापले होते, आणि १८६७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ब्लॅनफर्डने पश्चिम व मध्य भारतातील लाव्हाथरांवर मोठा प्रबंध लिहिला. या सर्वांना एक कोडे सतावीत होते. एवढा लाव्हा जर आला, तर ज्यातून आला तो पर्वत कोठे आहे? व्हेसूव्हिअससारखे शंकूच्या आकाराचे शिखर महाराष्ट्रात कोठेही दिसेना. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराकडे सर्वांची दृष्टी जाणे स्वाभाविक होते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो वाटोळा खड्डा पाहून, हेच ते मुख, असे दीर्घकाळ मानले गेले. अखेर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध झाले की तो खड्डा अशनी आदळून झालेला आहे. प्रचंड आघातानेच होऊ शकेल असे काचेत रूपांतर झालेले खनिज तेथे सापडले. म्हणजे लाव्हारसाच्या प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध विवराचा लाव्हाशी काही संबंध नाही.

खरे उत्तर असे की, पर्वत नव्हताच. जमिनीला मैलोगणती लांबीच्या भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उसळून सपाट प्रदेशावर पसरला. मनुष्याच्या ज्ञात इतिहासात याचे लहानसे उदाहरण आइसलँडमध्ये १७८३ साली घडले. लाकी येथील सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीची भेग आठ महिने ओकत राहिली. विषारी वायूंनी गवत व गुरे गेली आणि मागाहून आलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे एक-पंचमांश प्रजा मृत्युमुखी पडली. दख्खनमधील एकेक मोठा लोट लाकीच्या कितीतरी पट होता. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक शिल्लक आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याने व्यापलेला आहे. सह्याद्रीत त्याची एकूण जाडी दोन हजार मीटरच्या वर भरते. पूर्वेकडे नागपूरपर्यंत ती उतरत जाते. हे सर्व सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी घडले आणि त्यातील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. त्याच सुमारास पृथ्वीवरील महाकाय सरडे नष्ट झाले. त्यांच्या विनाशात मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्हाच्या वायूंचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. माझ्यासारख्याने त्यात पडण्याचे कारण नाही.

मात्र पुढचा प्रश्न आपणां सर्वांच्या मनात येतो: ती चूल आता कोठे आहे? त्या काळी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरात होता. पृथ्वीच्या खोलीतून वर येणाऱ्या एका उष्ण प्रवाहावर तो आला आणि दख्खन पेटले, असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात. नंतर भारत उत्तरेकडे सरकत राहिला. उष्ण प्रवाह जवळपास आपल्या जागीच राहिला. तव्यावरून भाकरी सरकवली की तवा मागेच राहतो, तसे हे झाले. मागे पडलेल्या त्या विस्तवाने समुद्रात बेटांची ओळ उमटवली. लक्षद्वीप आणि मालदीव यांच्या प्रवाळांखाली त्याचाच खडक आहे. मॉरिशस हे बेट सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी त्यातूनच वर आले. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेलेली मराठी कुटुंबे तेथे आजही आपली भाषा व सण टिकवून आहेत. काळ्या पाषाणाचा मुलूख सोडून गेलेली ती माणसे त्याच अग्नीच्या दुसऱ्या मुलखात जाऊन राहिली. तेथील क्यूरपीप गावात विझलेल्या ज्वालामुखीचे मुख आहे.

त्याच्याही नैर्ऋत्येस फ्रेंच सत्तेखालील रियुनियन बेट आहे, आणि चूल आज तेथे आहे. ‘भट्टीचे शिखर’ असा ज्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ होतो, तो तेथील पर्वत जगातील अत्यंत क्रियाशील ज्वालामुखींत गणला जातो. सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद आहे. रियुनियनचे बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. एप्रिल १९७७ मध्ये लाव्हाचा लोट समुद्रकाठच्या सेंत-रोझ परिसरातील एका गावात शिरला. लोकांना आधीच हलविल्यामुळे प्राणहानी टळली, पण घरे जळाली. लाव्हा चर्चच्या दारापर्यंत आला, उंबऱ्याशी थोडासा आत सरकला, दोन्ही बाजूंनी वळून गेला, आणि चर्च उभे राहिले. त्या चर्चला तेव्हापासून ‘लाव्हाची पवित्र माता’ अशा अर्थाचे नाव मिळाले. थिजलेला तो काळा वेढा अजूनही भिंतीभोवती पाहावयास मिळतो. श्रद्धावान माणूस त्यात काय पाहील ते सांगण्याची आवश्यकता नाही. दगड पाहणाऱ्यास मात्र गाविलगडचा दगड कोवळ्या वयात कसा दिसत असेल ते तेथे दिसते.

बॅरन बेटाचा अग्नी या चुलीचा नव्हे. अंदमानच्या परिसरात भारताचा भूपट्ट शेजारच्या पट्टाखाली घुसतो आहे, आणि तेथे खोलवर गेलेल्या पाण्यामुळे खडक वितळतो. हॉर्सबर्गनंतर १८३२ व १८५२ मध्ये या बेटाच्या उद्रेकांची नोंद झाली आणि मग जवळजवळ एकशेचाळीस वर्षे ते मुकाट राहिले. विझला असे वाटत असतानाच १९९१ मध्ये तो पुन्हा पेटला. ज्वालामुखीला मृत म्हणण्यापूर्वी शास्त्रज्ञ इतके का बिचकतात, हे यावरून समजावे. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक तेथे समुद्रतळाचे नमुने घेत असता त्यांच्यासमोरच डोंगर राख फेकू लागला. उद्रेक पाच ते दहा मिनिटांच्या झटक्यांनी होत होता, असे त्यांनी कळविले. हॉर्सबर्गचीही दहाच मिनिटे होती!

आता भयाविषयी. भूमी हादरली की आपल्याकडे पहिली अफवा उठते ती ज्वालामुखीची. ऑगस्ट २०१८ मध्ये मेळघाटातील धारणी तालुक्यात साद्राबाडी येथे धक्के बसू लागले, जमिनीतून आवाज येऊ लागले, आणि लोकांनी घराबाहेर रात्री काढल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे तेच सुरू झाले. पायाखाली गडगडाट ऐकणाऱ्या आईला ‘हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे’ असे सांगून तिचे समाधान कसे होणार? वज्रेश्वरी-गणेशपुरीची, किंवा अमरावती जिल्ह्यातील सालबर्डीची ऊन पाण्याची झरे पाहिली की शंका अधिकच बळावते. परंतु त्या झऱ्यांना लाव्हाची गरज नाही. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. ज्वालामुखी जागा होत असेल तर शिलारस वर चढताना जमीन फुगते, गंधकयुक्त वायू बाहेर पडू लागतात, आणि धक्क्यांची केंद्रे वर वर सरकतात. महाराष्ट्रात असे कोठेही आढळलेले नाही. आपल्याकडील धक्के लाव्हाच्या खालच्या अतिप्राचीन खडकांतील जुन्या भेगा सरकल्यामुळे बसतात. भारताचा भूखंड आशियाला रेटतो आहे, त्याचा ताण त्या भेगांवर येतो. गाविलगड डोंगराच्या पायथ्याने अशीच एक मोठी भेग गेलेली आहे.

या चुकीच्या भीतीत धोका असा की, माणसे डोंगराकडे पाहत राहतात आणि डोक्यावरचे छत विसरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असताना किल्लारी व आसपासची गावे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांना मारले ते चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि धाब्यावरच्या मातीच्या भाराने. भिंतींचा तो दगड पुन्हा आपला काळा पाषाणच. वऱ्हाडातील जुन्या गढ्या, वाडे आणि धाब्याची घरे अशाच बांधणीची आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी अजून नांदती आहेत.

किल्लारीनंतर शास्त्रज्ञांनी तेथे एक खोल विवर खोदून खालचे खडक वर काढले. ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचे थर लागले. त्यांच्याखाली काही मीटर जुना गाळ निघाला आणि मग पूर्वीच्या भूमीचा ग्रॅनाइटी खडक सुरू झाला. सहाशे मीटरच्या पुढे खोदकाम थांबेपर्यंत तोच निघत राहिला. कोयनेजवळ पुढे तीन किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले, तेथे १२४७ मीटरवर लाव्हाचे थर संपले. त्यांच्याखाली वितळलेला खडक मिळाला नाही. मिळाला तो ग्रॅनाइटच, आणि त्यात भेगा होत्या.